आदी वाच, मंग हात घाल

मास्तर गेले तेव्हा त्यांच्या पुतण्याचा फोन आला. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटायच्या दिवशी चार माणसं दोन-दोन शब्द बोलणार आहेत, तुम्ही काकांच्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, तेव्हा तुम्हीही बोला, असं म्हणाला. मी म्हटलं, मला जमणार नाही. त्याला वाटलं मला रडू येतंय. "समजू शकतो ताई," म्हणाला. डोंबल समजला होता. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात आणि खोटं बोलणं मला जमत नाही, म्हणून नाही म्हटलं.

तिथे जे बोलले नाही ते इथे लिहिते आहे.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत. आमच्या सुरतेत लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, मशीन दुरुस्त करणाऱ्या आणि कारीगरांवर नजर ठेवणाऱ्या माणसाला मास्तर म्हणतात. हे वॉटरजेटचे मास्तर. वॉटरजेटमध्ये पाण्याच्या धारेनं धागा फेकला जातो, म्हणून खात्यातली फरशी बारा महिने ओली असते. त्यामुळे मास्तरांची पँट कायम घोट्याच्या वर दोन घड्या दुमडलेली. खातं सुटलं, नोकरी सुटली, तरी घड्या सुटल्या नाहीत. लग्नालाही तसेच यायचे. उन्हाळ्यात, कोरड्या ठणठणीत रस्त्यावरून, पाणी तुडवत असल्यासारखे पाय उचलत चालायचे. पोरं मागून नकला करायची. मास्तरांना ते ऐकू यायचं नाही, कारण लूमच्या खडखडाटानं एक कान पुरता गेला होता आणि दुसरा अर्धा.

आणि हा माणूस गोडादऱ्यात, एम्ब्रॉयडरीच्या खात्यावरच्या एका खोलीत, आम्हाला जपानी अक्षरं शिकवायचा. फुकट. ज्यांना जपानला म्हाताऱ्यांची सेवा करायला किंवा कारखान्यात कामाला जायचं होतं अशी आम्ही दहा-बारा जणं. क्लासवाले मागायचे तेवढे पैसे आमच्यापैकी कुणाच्याच घरी नव्हते. जपानी बोलणं मास्तरांना फारसं यायचं नाही. पण ती चित्रांसारखी अक्षरं, कांजी म्हणतात ती, शेकड्यांनी यायची. कुठून शिकले? मशीनच्या पुस्तकातून. आमच्या भागातली कितीतरी वॉटरजेट जपानमधून जुनी होऊन आलेली. मशीनबरोबर जाडजूड पुस्तकं येतात, ती शेठलोक रद्दीत घालतात. मास्तरांनी त्यातलं एक उचललं, डिक्शनरी मिळवली आणि एकेक अक्षर लावत बसले.

त्यांची कार्डं साडीच्या खोक्यांची. मार्केटमधून फुटकी खोकी आणायची, पुठ्ठा पत्त्याएवढा कापायचा, पुढे काळ्या मार्करनं अक्षर, मागे आपल्या अहिराणीत अर्थ. पाण्याच्या मागे 'पानी', सुताच्या मागे 'दोरा'. कोपऱ्यात भोक पाडून वेस्टेजच्या धाग्यात ओवायची. बाकी जगात सूर्य, चंद्र, डोंगर अशी सुरुवात करतात म्हणे. आमची सुरुवात हात, दोरा, पाणी, तेल, बंद, चालू अशी झाली. परीक्षेत डोंगर आला तेव्हा मी त्याच्याकडे बघतच राहिले.

पहिलं कार्ड सगळ्यांना एकच. हात. तीन आडव्या रेघा आणि त्यांच्यामधून खाली उतरणारी, टोकाला आकडा घेतलेली उभी रेघ. ते देताना म्हणायचे, "आदी वाच, मंग हात घाल." हे त्यांचं ब्रीद. दार उघडताना, भजी उचलताना, फॉर्मवर सही करताना, सगळीकडे तेच. मला ते वाक्य तेव्हा फार आवडायचं. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं मी, मूर्खासारखं.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, आलेलं कार्ड घरी ठेवायचं नाही, मागून येणाऱ्याला देऊन टाकायचं. म्हणजे जे येत नाही तेवढंच आपल्याजवळ राहणार. परीक्षेच्या आदल्या दिवशी उजळणी करायला बसले तर माझ्याकडे फक्त अकरा कार्डं, आणि अकराच्या अकरा न येणारी. घाम फुटला होता मला. दुसरा नियम त्याहून वाईट. एकच कार्ड तीनदा चुकलं की ते धाग्यानं मनगटाला बांधून घरी जायचं. 'वीज' माझं पाचदा चुकलं. वर पाऊस, खाली शेत, शेताला शेपूट. गोडादऱ्याहून लिंबायतपर्यंत शेअर रिक्षात मी ते मनगटाला लटकवून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "कसला ताईत गं?" म्हटलं, वाचायला येत नसल्याचा. आठ दिवस ते मनगटावर होतं. अजून झोपेतून उठवून विचारा, चुकणार नाही.

आता माझ्या बापाचं सांगते, म्हणजे राग कसला ते कळेल.

आप्पा ह्याच मास्तरांच्या खात्यात कारीगर होते, नऊ नंबरच्या वॉटरजेटवर. मी आठवीत असताना त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. गिअरमध्ये धागा गुंतला म्हणून बाजूचं झाकण उघडून त्यांनी हात घातला. मशीन थांबलेलं होतं, पण मेन स्विच चालू होता. पलीकडच्या कारीगराला मशीन थांबल्याचा लाल दिवा दिसला, त्यानं सवयीनं बटन दाबलं. एवढंच झालं. शेठनं मग आप्पांना गेटवर वॉचमन म्हणून बसवलं. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला हात दाखवून सांगायचे, "देवीनं तीन बोटं घेतली, पण हात ठेवला." त्यांच्या नऊ नंबरवर सप्तशृंगीचा फोटो चिकटवलेला होता ना. त्या फोटोमुळे हात वाचला, अशी त्यांची पक्की समजूत. त्याच समजुतीवर माणूस उभा होता. नाहीतर बोटं गेल्यावर पहिले सहा महिने ते भिंतीकडे तोंड करूनच पडून असायचे.

मास्तर दर महिन्याला घरी यायचे. आप्पांशेजारी बसून चहा प्यायचे. मी बारावी झाल्यावर त्यांनीच म्हटलं, पोरीला माझ्याकडे पाठवा. मला वाटायचं, केवढा देवमाणूस.

मी पहिली परीक्षा पास झाले त्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. दसऱ्याला खात्यात मशीनची पूजा असते. सगळी लूम बंद, झेंडूच्या माळा, पेढे, आणि कारीगरांची बायकापोरं नवे कपडे घालून ओल्या फरशीवर जपून चालत असतात. मास्तरांनी तेव्हा नोकरी सोडली होती, तरी पूजेला मान त्यांचाच. ते प्रत्येक मशीनपुढे हात जोडायचे. तसे ते शिंप्याच्या मशीनपुढेही हात जोडायचे, आणि पिठाच्या गिरणीपुढेही.

मी आप्पांबरोबर नऊ नंबरपाशी गेले. देवीच्या फोटोवर वर्षानुवर्षांच्या कुंकवाचे थर. ओलीमुळे फोटोचा उजवीकडचा खालचा कोपरा सुटून वर वळला होता. त्याच्याखाली पिवळा पत्रा दिसला आणि पत्र्यावर माझं पहिलं कार्ड. हात. त्याच्यापुढे 'आत जाणे'. आणि शेवटी ते लहान अक्षर, जे लागलं की 'करू नका' असा अर्थ होतो.

मी कोपरा आणखी थोडा ओढला. वीज दिसली. पाऊस, शेत, शेपूट.

मागे मास्तर उभे होते. मी त्यांच्या बऱ्या कानाशी जाऊन विचारलं, "मास्तर, इथं काय लिहिलंय?"

मास्तरांनी पत्र्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघत, वर्गात सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "वीज तोडल्याशिवाय आत हात घालू नका."

न बघता म्हणाले. फोटोखाली झाकलेलं वाक्य ह्या माणसाला पाठ होतं.

"फोटो कोणी लावला इथं?"

"मी."

सगळ्या मशीनवर देवाचा फोटो लावतातच, आणि तो सपाट, स्वच्छ, डोळ्यांसमोरच्या जागी लावतात. जपान्यांनीही त्यांची पिवळी पाटी तशीच जागा बघून ठोकलेली. ती वाचता कुणालाच येत नव्हती, म्हणून ती पाटी नव्हतीच, देवीसाठी सोडलेली जागा होती. हे मी समजू शकते. तेव्हा मास्तरांनाही वाचता येत नव्हतं. पण नंतर? आप्पांची बोटं गेल्यावर त्यांनी पुस्तक उचललं, अक्षरं शिकले, खाली काय झाकलंय ते कळलं, त्याला किती वर्षं झाली होती? माझी आठवी, नववी, दहावी, बारावी, परीक्षा. तेवढी वर्षं त्या मशीनवर दुसऱ्या बायांचे नवरे, दुसऱ्या पोरींचे बाप उभे होते.

मी फोटो फाडायलाच निघाले होते. बाया ओरडल्या. शेठ धावत आला, म्हणाला, "बेन, आजे नै. आजे तहेवार छे." आणि मग मास्तरांनी जे केलं ते मी जिवंत असेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी पूजेच्या तांब्यात अंगठा बुडवला, फोटोचा तो कोपरा खाली केला आणि अंगठ्यानं दाबून पुन्हा चिकटवला. नीट, हवेचा फुगा राहणार नाही असा. आणि हात जोडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वर्गात गेले. सगळी पोरं बसलेली होती. मी उभ्या उभ्या बोलले. म्हटलं, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हटलं, पाचशे अक्षरं शिकलात आणि एक फोटो काढायची हिंमत झाली नाही तुम्हाला. माझ्या बापाची बोटं तुमच्या अंगठ्याखाली गेली. फुकट शिकवता म्हणजे उपकार नाहीत, तो दंड भरताय तुम्ही, आणि तोही आम्हाला न सांगता. आणखीही बोलले. काही शब्द इथे लिहिता येणार नाहीत.

मास्तर खुर्चीवर बसले होते. मी बोलायला लागले तशी त्यांनी मान वळवली. मला वाटलं तोंड फिरवतायत. तर त्यांनी बरा कान माझ्याकडे केला होता, एकही शब्द सुटू नये म्हणून. ते बघून मला आणखी चेव आला. माझ्याजवळची उरलेली कार्डं मी त्यांच्या पायाशी टाकली. ते खाली वाकले आणि एकेक उचलून धाग्यात ओवायला लागले. "काहीतरी बोला," मी म्हटलं. त्यांनी धाग्याला गाठ मारली.

त्यानंतर दोन वर्षं मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. ते घरी यायचे बंद झाले. पुढची परीक्षा मी स्वतःच्या पगारातून पैसे भरून दिली. जपानला गेले नाही, आईला सोडून जाववलं नाही. भेस्तानला जुन्या मशीनचे पार्ट विकणाऱ्याकडे नोकरी लागली, जपानी कॅटलॉग वाचायची. म्हणजे आज माझं पोट मास्तरांच्याच अक्षरांवर भरतं. तेल, दोरा, पाणी, बंद, चालू. रोज दहा वेळा त्यांची आठवण येते आणि दहाही वेळा मी चिडते.

तर फोनवर मी पुतण्याला नाही म्हटलं ते आप्पांनी ऐकलं. गंधमुक्तीच्या दिवशी ते जायला निघाले. दोन बोटांनी सदऱ्याची बटणं लावत म्हणाले, "चाल मन्हासंगे."

म्हटलं, "तुम्ही जा. ज्यानं तुमची बोटं घालवली त्याच्या फोटोला मी फूल वाहणार नाही."

आप्पांनी बटण सोडलं. खाटेवर बसले. म्हणाले, "फोटो मीच लयेल व्हता. गडवरतीन. मीच सांगं त्यास्ले, आठे लावा म्हणून."

मला आधी कळेचना. मग कळलं. देवीचा फोटो आप्पांनी वणीच्या गडावरून आणला होता. चांगली जागा बघून तिथं लावा असं आप्पांनीच सांगितलं होतं. मास्तरांनी फक्त डिंक लावला होता.

"आणि हे मला दोन वर्षं सांगितलं नाहीत?"

"त्यास्नी नको सांगं."

मग आप्पांनी सगळं सांगितलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी संध्याकाळी मी वर्गात जाऊन बोलले त्याच सकाळी, मास्तर सात वाजता गेटवर आले होते. आत गेले, नऊ नंबरचा मेन बंद केला, फोटो सोडवला, पाटी घासून पुसली, खाली एक कार्ड बांधलं. फोटो आणून आप्पांच्या हातात दिला. म्हणाले, इतकी वर्षं तुझ्यासाठी ठेवला होता. तुझा देव तुला सोडून गेला असता तर तू पुन्हा भिंतीकडे तोंड केलं असतं. पण पोर म्हणते ते बरोबर आहे. आणि जाताना म्हणाले, "फोटो कोना व्हता ते तिले सांगू नको. तिले मन्हावर राग येऊ दे. तिले तुन्हासंगे एक घरमा ऱ्हाणं शे."

म्हणजे मी संध्याकाळी वर्गात उभी राहून फोटो काढायची हिंमत नाही म्हणत होते, तेव्हा तो फोटो सकाळीच निघालेला होता. आणि हा माणूस बरा कान पुढे करून ते सगळं ऐकून घेत होता.

आता सगळ्यांना वाटेल, माझा राग गेला असेल. गेला नाही. वाढला. मला न विचारता माझा राग स्वतःकडे वळवून घेणारे हे कोण? माझ्या बापाचं मन सांभाळलंत, माझं आणि बापाचं घर सांभाळलंत, फार छान. पण तेवढी वर्षं नऊ नंबरवर उभं राहणाऱ्यांचं काय? आप्पा म्हणाले, मास्तर नोकरीत होते तोवर प्रत्येक नव्या कारीगराला स्वतः उभं राहून शिकवायचे, आधी मेन, मग झाकण. म्हटलं, आणि नोकरी सोडल्यावर? आप्पा पुन्हा बटणाशी झटायला लागले. दोन बोटांच्या माणसावर मला ओरडता येईना, आणि ज्याच्यावर ओरडायचं तो गेलेला.

गंधमुक्तीला मी गेले नाही. आप्पा गेले, आणि मी सरळ खात्यावर गेले. मला ती पाटी बघायची होती.

खातं चालू होतं. कानठळ्या बसवणारा आवाज, आणि चपलेत पाणी. नऊ नंबरवर एक ओडिया कारीगर होता, नवाच, मिसरूड फुटलेला. पिवळी पाटी उघडी होती, लख्ख, वाचणाऱ्याला दोन हातांवरून वाचता येईल अशी. वाचणारं खात्यात कोणी नव्हतं हा भाग वेगळा. म्हणून तर मास्तरांनी खाली साडीच्या खोक्याचं कार्ड बांधलं होतं, वेस्टेजच्या धाग्यानं, पाणी लागू नये म्हणून वर प्लॅस्टिक गुंडाळून. त्याच्यावर हिंदीत, ठसठशीत मार्करनं काहीतरी लिहिलेलं असणार. असणार म्हणते, कारण अक्षर दिसत नव्हतं. प्लॅस्टिकवर कुंकवाचा बोटभर थर होता. वर हळद, तिच्यावर चिकटलेले तांदूळ, आणि धाग्याला झेंडूची एक वाळलेली माळ.

मी त्या कारीगराला ओरडून विचारलं, "ये क्या है?"

"मास्टरजी ने लगाया था दीदी," तो म्हणाला. "बहुत अच्छा है. मैं रोज हाथ जोड़ के ढक्कन खोलता हूँ."

मी कार्डाला हात लावला तसा तो घाबरला. "दीदी, उतारना मत. मास्टरजी गुजर गए हैं."

मी म्हटलं, उतरवत नाही. मनगटावर 'वीज'चा तो धागा असल्यासारखं वाटलं क्षणभर, आणि असा संताप आला, मास्तरांचा, आप्पांचा, ह्या पोराचा, माझाही, की दात आवळले गेले. मी पलीकडे जाऊन आधी मेन बंद केला. नऊ नंबर थांबलं. मग ओढणीचं टोक खालच्या पाण्यात भिजवलं आणि कुंकू पुसायला लागले. खालून 'हाथ' निघाला तेव्हा त्या पोराला जवळ बोलावलं आणि म्हटलं, वाच.